बारा गावचं पाणी प्यालेला स्ट्रायकर

‘अमुक क्लबनं तमुक खेळाडू विकत घेतला’ असं फुटबॉलबद्दल बोलताना आपण सर्रास म्हणतो. खरं तर खेळाडू विकला जात नाही. त्याचा क्लबशी ठरावीक वर्षांचा करार असतो आणि त्या क्लबकडे त्याची नोंदणी असते. करार चालू असताना तो दुसऱ्या कुणाला हवा असेल, तर आधीच्या क्लबनं त्याला मोकळं करायला हवं. त्या मोकळं करण्याची जी किंमत, तीच ट्रान्सफर फी. ती एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाते. खेळाडूचा पगार, सही केल्याबद्दलची रक्कम, गोलांवरचा बोनस हे सगळं नव्या क्लबशी वेगळं ठरतं.

एवढं लक्षात ठेवलं की बारा क्लब फिरलेल्या स्ट्रायकरकडे, म्हणजे गोल करणं हेच ज्याचं मुख्य काम त्या आघाडीच्या खेळाडूकडे, बघायची नजर बदलते. अशा खेळाडूबद्दल ‘कुठेच टिकला नाही’ असं एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. स्ट्रायकर का फिरतो, याची निम्म्याहून जास्त कारणं त्याच्या स्वभावात नसतात. ती या धंद्याच्या हिशेबात असतात. हे समजून घ्यायला फ्रेंच स्ट्रायकर निकोला अनेल्काची कारकीर्द फार उपयोगी पडते, कारण या धंद्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्या बाबतीत घडून गेली आहे.

अनेल्काचा जन्म १९७९चा. पॅरिसजवळच्या त्राप गावात तो वाढला. पॅरिस सेंट-जर्मेनकडून त्यानं सुरुवात केली, १९९७ मध्ये आर्सेनलला गेला, १९९९ मध्ये रेआल माद्रिदला, २००० मध्ये परत पॅरिसला. मग लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, इस्तंबूलचा फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय शेनहुआ, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि शेवटी २०१४ मध्ये मुंबई सिटी. पॅरिस दोनदा आलं, ते एकदाच धरलं तर बरोबर बारा क्लब. त्या काळी छापून आलेले फीचे आकडे जोडले, तर त्याच्या नोंदणीसाठी वेगवेगळ्या क्लबांनी मिळून ८ कोटी पाउंडांहून जास्त मोजले.

आधी कराराचं घड्याळ बघू. १९९० मध्ये बेल्जियमच्या लिएज क्लबशी झाँ-मार्क बोस्मानचा करार संपला आणि त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. करार संपलेला असूनही लिएजला पैसे हवे होते, आणि सौदा फिसकटला. बोस्मान कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपियन न्यायालयानं निकाल दिला की करार संपल्यावर युरोपियन युनियनमधला खेळाडू युनियनमधल्याच दुसऱ्या देशात फी न देता जाऊ शकतो. ज्या माणसामुळे पुढच्या पिढ्यांचे पगार वाढले, त्याची स्वतःची कारकीर्द मात्र त्या लढाईतच संपल्यात जमा झाली. त्याचं ऋण फुटबॉलनं नीट फेडलेलं नाही, असं मला कायम वाटत आलंय.

या निकालानं क्लबांची झोप उडाली. करार संपू दिला तर हातात काहीच येणार नाही. शिवाय शेवटच्या ६ महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो. म्हणजे साधारण दोन वर्षं उरली की क्लबला ठरवावं लागतं: नवा करार करायचा, की किंमत आहे तोवर सोडायचं? फिफा या जागतिक संघटनेच्या नियमांत करार एरवी जास्तीत जास्त ५ वर्षांचा. त्यातली पहिली दोन-तीन वर्षंच काय ती शांततेची. पाच वर्षांच्या करारावर सही करताना चेहऱ्यावर कितीही आनंद असला, तरी तिसऱ्या वर्षी पुन्हा बोलणी निघणार हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत असतं. आणि हे बदल वर्षातून दोनदाच, उन्हाळ्यात आणि मोसमाच्या मध्यावर, ट्रान्सफर विंडो उघडी असतानाच करता येतात. एका मोसमात खेळाडूची नोंदणी फार तर तीन क्लबांकडे होऊ शकते, आणि एरवी त्यातल्या दोघांकडूनच तो अधिकृत सामने खेळू शकतो.

पण हे नियम तर गोलरक्षकालाही लागू आहेत आणि बचावपटूलाही. मग स्ट्रायकरच जास्त का फिरतो?

कारण गोल फार दुर्मीळ असतात. थोडं गणित करू. समजा, एक चांगला स्ट्रायकर मोसमभरात गोलाच्या दिशेनं ८० फटके मारतो आणि त्याच्या कुवतीप्रमाणे शंभरातले १२ जाळ्यात जातात. म्हणजे साडेनऊ गोल. पण ही सरासरी झाली. नाणं शंभरदा उडवलं की दर वेळी बरोबर ५० छापे पडत नाहीत, तसंच इथे. त्याच माणसाचे, त्याच कुवतीनं, एका वर्षी ६ गोल होतील आणि दुसऱ्या वर्षी १३. त्यात काहीही नवल नाही, तो नुसता योगायोगाचा खेळ. चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून जाळ्यात गेला की बाहेरच्या बाजूला लागून परत आला, फरक इंचाचा.

आता बाजाराकडे बघा. १३ गोलांच्या वर्षानंतर त्याची किंमत दुपटीनं वाढते, आणि ६ गोलांच्या वर्षानंतर ‘संपला हा’ म्हणून त्याला सोडून दिलं जातं. माणूस तोच, पायही तेच. म्हणूनच गेल्या काही वर्षांत ‘अपेक्षित गोल’ हे माप आलं. फटका कुठून मारला, कुठल्या कोनातून, पायानं की डोक्यानं, समोर किती बचावपटू होते, यावरून प्रत्येक संधीला ० ते १ मधली किंमत द्यायची. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या थोडी वर, पंचवीस-तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याची जेमतेम दोन-चार शतांश. या किमतींची बेरीज मोठी आणि प्रत्यक्ष गोल कमी असतील, तर समजायचं की माणूस योग्य जागी पोहोचतोय, दैव साथ देत नाहीये. शहाणे क्लब हल्ली अशाच स्ट्रायकरला त्याच्या वाईट वर्षानंतर स्वस्तात उचलतात. अनेल्काच्या उमेदीच्या काळात हे माप नव्हतं, तेव्हा फक्त गोल मोजायचे.

दुसरं कारण म्हणजे स्ट्रायकर हा साखळीतला शेवटचा दुवा. त्याच्यापर्यंत चेंडू कसा येतो, यावर त्याचं पोट असतं. १६ मे १९९८, वेम्बली, एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अंतिम लढत, आर्सेनल विरुद्ध न्यूकॅसल. ६९वं मिनिट. मधल्या फळीतून रे पार्लर बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू सोडतो. अनेल्काची धाव आधीच सुरू झालेली. ऑफसाइड होणार नाही, म्हणजे पास सुटायच्या आधीच बचावफळीच्या पलीकडे सापडणार नाही, इतका उशीर आणि कुणाला गाठता येणार नाही इतकी घाई, या दोन्हींचा मेळ. एक स्पर्श, मग लांबच्या कोपऱ्यात खालून फटका. २-०. १९ वर्षांचा पोरगा, आणि त्याच मोसमात लीगचं विजेतेपदही. पुढच्या मोसमात लीगमध्ये १७ गोल. मागे डेनिस बेर्गकांपसारखा पास देणारा, पुढे मोकळी जमीन, आणि आर्सेन वेंगरसारखा त्याला ओळखणारा प्रशिक्षक.

तोच मुलगा माद्रिदला गेला आणि लीगच्या अख्ख्या मोसमात त्याचे गोल झाले २. भाषा नवी, सहकारी प्रस्थापित, आणि समोरचे संघ बहुतेक वेळा आपल्या गोलापाशी दाटीनं उभे. धावायला ती मोकळी जमीनच उरली नव्हती. तो रुसला, सरावाला जायचं नाकारलं, क्लबनं ४५ दिवसांसाठी निलंबित केलं. इंग्लिश वृत्तपत्रांनी तर त्याला आधीपासूनच रुसका म्हणून हिणवलं होतं. यात त्याची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पण निलंबन संपवून आल्यावर चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल कुणी केला? त्यानंच. त्या वर्षी माद्रिदनं कप उचलला. मला तर हे दोन आकडे, लीगमधले २ गोल आणि बायर्नविरुद्धचे २ गोल, शेजारी शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. एका खेळाडूबद्दल एका वर्षात दोन पूर्ण उलटी मतं बनवता येतात, आणि बाजार त्यातलं एकच घेऊन चालतो.

आर्सेनलच्या बाजूनं मात्र हा सौदा सोन्याचा ठरला. साधारण ५ लाख पाउंडांना आणलेला मुलगा अडीच वर्षांत २ कोटी २० लाखांहून जास्त देऊन गेला. त्या पैशांतून स्ट्रायकर थिएरी ऑन्री आला आणि लंडन कॉल्नीच्या नव्या सराव केंद्रालाही हातभार लागला.

इथे क्लबांच्या जमाखर्चाची एक गंमत कळली पाहिजे, कारण लोन नावाचा प्रकार त्यातूनच फोफावतो. क्लब ५ कोटींना खेळाडू घेतो आणि ५ वर्षांचा करार करतो, तेव्हा तो खर्च वहीत एकदम पडत नाही. दरवर्षी १ कोटी असा वाटून पडतो. दोन वर्षांनी वहीतली त्याची किंमत उरते ३ कोटी. तेव्हा त्याला अडीच कोटींना सोडलं, तर वहीत ५० लाखांचा तोटा दिसतो. तीन कोटी कुणी देत नाही, अडीच कोटी घ्यायची क्लबची तयारी नाही. मग मधला मार्ग काढतात: वर्षभर दुसरीकडे पाठवा, पगार त्यांनी द्यावा किंवा निम्मा निम्मा, आणि तिकडे गोल झाले तर किंमत आपोआप वर येईल. हेच लोन. घेणाऱ्या क्लबलाही बरं, पारखून घेता येतं. मधे लोंबकळतो तो खेळाडू. घर एका शहरात, सामान दुसऱ्या शहरात, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठे असू, हे बायकोपोरांना सांगता येत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हे.

अनेल्का पॅरिसमध्ये प्रशिक्षक लुई फर्नांडेझशी बिनसल्यावर २००१ च्या डिसेंबरात असाच लोनवर लिव्हरपूलला गेला. संघ त्या मोसमात दुसरा आला, त्याचा खेळही लोकांना आवडला, पण प्रशिक्षक जेरार उलिएंनी त्याला कायम न करता एल हाजी दियूफला घेतलं. म्हणजे पाच महिने परीक्षा दिली, नापास झाला असंही नाही, तरी जागा दुसऱ्याला. मग मँचेस्टर सिटीनं १ कोटी ३० लाख पाउंड देऊन त्याला नेलं.

लोनची दुसरी बाजूही आहे, ती रोमेलु लुकाकूकडे बघून कळते. चेल्सीनं २०१२ मध्ये त्याला वेस्ट ब्रॉमला पाठवलं. विशीतल्या त्या मुलानं तिथे प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये, १७ गोल केले. त्यातले तीन, सर ॲलेक्स फर्ग्युसनच्या शेवटच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, बदली खेळाडू म्हणून येऊन. तो सामना ५-५ असा संपला. लोन नसतं, तर तो मुलगा त्या वर्षी बाकावर बसून राहिला असता. त्रास आहे तो लोनच्या सवयीचा. मोठे क्लब डझनावारी मुलं गोळा करून गावोगाव पाठवायला लागले, म्हणून २०२२ पासून फिफानं आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा घातली. आता एका क्लबला मोसमात ६ खेळाडू देता येतात आणि ६ घेता येतात. तरुण आणि क्लबनं स्वतः घडवलेली मुलं त्यातून वगळली आहेत.

या सगळ्या फिरण्यात पैशाची एक वाट मात्र मला मनापासून आवडते. खेळाडू कराराच्या मधेच एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की फीतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात ज्यांनी ज्यांनी घडवलं त्या क्लबांना वाटून द्यावे लागतात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक मोसमाला पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. हा नियम २००१चा. अनेल्का २००५ च्या जानेवारीत सिटीहून फेनरबाचेला गेला, तेव्हाची फी ७० लाख पाउंड धरली, तर अर्धा टक्का म्हणजे एका मोसमाचे ३५ हजार पाउंड. मोठ्या क्लबला ही चिल्लर वाटेल. पण एखाद्या उपनगरातल्या छोट्या क्लबला, जिथे संध्याकाळी नोकरीवरून आलेला माणूस पोरांना शिकवतो, तिथे या रकमेत मैदानाचे दिवे येतात. भटका स्ट्रायकर जितक्या वेळा सीमा ओलांडतो, तितक्या वेळा त्याच्या पहिल्या मैदानाकडे थोडं पाणी वळतं.

आता पुन्हा अनेल्काकडे. २००६ मध्ये बोल्टननं त्याच्यासाठी ८० लाख पाउंड मोजले, त्या क्लबच्या तोवरच्या इतिहासातली सर्वात मोठी रक्कम. माद्रिदहून बोल्टन ही उतरण वाटते, पण तिथेच त्याचं नाव परत वर आलं, आणि २००८ च्या जानेवारीत चेल्सीनं दीड कोटी दिले. चारच महिन्यांनी, २१ मे रोजी, मॉस्कोत चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, समोर मँचेस्टर युनायटेड. पाऊस, स्थानिक घड्याळात रात्रीचा एक वाजून गेलेला. अनेल्का जादा वेळेत बदली म्हणून आलेला, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये चेल्सीचा सातवा फटका त्याच्या वाट्याला. चेल्सीचे आधीचे बहुतेक फटके युनायटेडचा गोलरक्षक एडविन फान डर सारच्या डाव्या हाताला गेले होते. फान डर सारनं हात पसरले आणि डावीकडे बोट दाखवलं, जणू म्हणाला, इकडेच मारणार ना? अनेल्कानं दुसरीकडे मारला. गोलरक्षक तिथे आधीच पोहोचला होता. युनायटेड जिंकलं.

बऱ्याच जणांची कारकीर्द अशा एका फटक्यात अडकून राहते. अनेल्काची राहिली नाही. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला चेल्सीचा दुसरा स्ट्रायकर दिदिए द्रोग्बा जायबंदी होता, आघाडी एकट्या अनेल्काच्या खांद्यावर आली. द्रोग्बा परतल्यावर त्याला अनेकदा कडेला सरकून खेळावं लागलं. तरी शेवटच्या दिवशी संडरलँडविरुद्धचा गोल धरून त्याचे लीगमध्ये १९ झाले. क्रिस्तियानो रोनाल्डोचे १८. प्रीमियर लीगमधल्या सर्वाधिक गोलांबद्दलचा गोल्डन बूट, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याच्या आठव्या क्लबकडून.

मला सांगायचं आहे ते हेच. नव्या क्लबात जाऊन गोल करणं हे वेगळं कसब आहे, आणि एकाच क्लबात १५ वर्षं काढलेल्या थोर खेळाडूलाही त्याची परीक्षा कधी द्यावी लागलेली नसते. भटक्याला दर वेळी नव्यानं शिकावं लागतं: हा मधला खेळाडू मान वर करून बघतो की खाली घालून पास सोडतो, हा कडेनं खेळणारा विंगर गोलासमोर क्रॉस लवकर टाकतो की एकाला चकवल्याशिवाय टाकतच नाही. धाव कधी सुरू करायची, ते यावर ठरतं. वेगही वयाबरोबर जातो. आर्सेनलचा अनेल्का बचावफळीच्या मागे पळायचा. चेल्सीचा अनेल्का थोडं मागे येऊन चेंडू धरायचा, वळायचा, दुसऱ्याला वाट करून द्यायचा. नाव तेच, खेळाडू जवळजवळ दुसरा.

भटकंतीची दुसरी जात दक्षिण अमेरिकेत दिसते. तिथल्या अनेक लीग वर्षात दोन छोट्या स्पर्धा खेळतात, त्यामुळे सहा महिन्यांचे करार सर्रास होतात. उरुग्वेचा सेबास्तियन आब्रेउ तिथलाच. देपोर्तिव्हो ला कोरुन्यानं त्याला १९९८ मध्ये घेतलं आणि पुढे कितीतरी वेळा लोनवर पाठवलं. ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना, इस्रायल, ग्रीस असं करत २०१७ मध्ये चिलीच्या औदाक्स इतालियानोशी, आपल्या २६व्या क्लबशी, करार करून तो गिनेसच्या नोंदीत गेला. त्यानंतरही थांबला नाही. पण २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेचा निर्णायक पेनल्टी फटका कुणाकडे होता? याच बदली म्हणून आलेल्या आब्रेउकडे. त्यानं डाव्या पायानं चेंडू हळूच उचलून मधोमध टाकला, गोलरक्षक बाजूला झेपावलेला. एवढ्या ताणात असा फटका मारायला जी स्थिर छाती लागते, ती कदाचित अनोळखी मैदानांवरच तयार होत असेल.

अनेल्काची शेवटची वर्षं पडतीची होती. शांघाय, युव्हेंटसमधले मोजके सामने, मग वेस्ट ब्रॉम. तिथे २०१३ च्या डिसेंबरात गोल केल्यावर त्यानं हातानं जी खूण केली, ती ज्यूविरोधी ठरवून इंग्लिश फुटबॉल संघटनेनं त्याच्यावर ५ सामन्यांची बंदी आणि ८० हजार पाउंडांचा दंड लावला. आपला तसा हेतू नसल्याचं त्यानं सांगितलं, पण क्लब सुटलाच.

मग मुंबई. २०१४, इंडियन सुपर लीगचा पहिला मोसम, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. संघात आर्सेनलमधला जुना सहकारी फ्रेडी ल्युंगबर्ग. पुढच्या वर्षी अनेल्का खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही झाला. कितीतरी प्रशिक्षकांनी ज्याला खेळवलं, बसवलं, विकायला काढलं, तोच आता संघ निवडत होता. त्या मोसमात त्याच्या हाताखाली सुनील छेत्रीनं नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल केले, आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक. छेत्रीनंही तोवर कोलकाता, गोवा, कॅन्सस सिटी आणि लिस्बनचं पाणी पिऊन झालं होतं.